घरचा वाण

हरिओमला सुईची भीती वाटते, हे सगळ्या गावाला माहीत होतं. लोह्याजवळच्या त्या गावात दर वर्षी शिवजयंतीला रक्तदान शिबिर व्हायचं आणि ते भरवायचा हरिओमच. मंडप, खुर्च्या, केळी-बिस्किटं, नांदेडच्या रक्तपेढीला फोन, सगळं त्याच्याकडं. पोरांना घराघरातून ओढून आणायचा, "काय न्हाई रे, मुंगी चावल्यासारखं होतंय" म्हणायचा आणि स्वतः मात्र मंडपाबाहेर कनात धरून उभा राहायचा.

यंदा त्याच्या बायकोनं, शिल्पानं, बायकांच्या रांगेत उभं राहून रक्त दिलं. बाहेर येऊन चार लोकांदेखत ती म्हणाली, "माझं झालं. आता अध्यक्षसाहेबांचं कवा?"

पोरं हसली. हरिओमला आत जावंच लागलं. तो डोळे गच्च मिटून पडून राहिला आणि पिशवी भरल्यावर उठून म्हणाला, "झालं बी?" दिवसभर तो सगळ्यांना हातावरची चिकटपट्टी दाखवत फिरला.

नंतर काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला. एकदा समक्ष येऊन जा, असं त्या बाई म्हणाल्या. हरिओमला वाटलं, शिबिराचं प्रशस्तिपत्र असेल, एखादा फोटोही काढतील. इस्त्रीचा शर्ट घालून तो नांदेडला गेला.

तिथं विशाखा मॅडम होत्या. रक्तपेढीतल्या डॉक्टर. पस्तिशीच्या, चष्मा लावणाऱ्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी दार लोटून घेतलं, पाण्याचा ग्लास पुढं केला आणि म्हणाल्या, "हरिओमभाऊ, तुमच्या रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू सापडलाय. आपल्याकडं पांढरी कावीळ म्हणतात ती."

"मला कावीळ? माझे डोळे तर बगा. कुठं पिवळे हायत?"

"या काविळीत बहुतेकांचे डोळे पिवळे होतच नाहीत. वर्षानुवर्षं माणसाला पत्ता लागत नाही. रक्त तपासलं म्हणून कळलं."

हरिओमच्या मनात पहिला विचार आला तो त्या पिशवीचा. "माझं रक्त कुणाला दिलं तर न्हाई ना?"

"नाही. प्रत्येक पिशवी तपासूनच पुढं जाते. तुमची बाजूला काढली आणि नष्ट केली." मग त्यांनी समजावून सांगितलं. हा आजार जेवणातून, पाण्यातून, शिवण्यानं लागत नाही. दुसऱ्याच्या रक्तातून लागतो, वापरलेल्या सुईतून, बाळंतपणात आईकडून बाळाला, शरीरसंबंधातून. यकृताची तपासणी करून घ्यायची, दर सहा महिन्यांनी दाखवत राहायचं, दारूला शिवायचं नाही. पुष्कळांना गोळीसुद्धा लागत नाही.

त्यातला शरीरसंबंध हा एकच शब्द हरिओमच्या कानात अडकून बसला. लग्नाआधी तो चाकणच्या एका कारखान्यात कामाला होता. पाच पोरं मिळून एका खोलीत राहायची.

"मॅडम, मी तसला माणूस न्हाई."

"मी तसं विचारलंच नाही," विशाखा मॅडम म्हणाल्या. "आणि विचारणारही नाही. घरच्यांना तेवढं तपासणीला घेऊन या. तुमच्या मिसेसचं रक्त शिबिरात तपासलंच आहे, त्यांना काही नाही. त्यांना लस देऊन टाकू."

घरी येऊन त्यानं शिल्पाला सांगितलं. लपवायचं त्याच्या मनातही आलं नाही. ती भाजी निवडत होती. हातातली जुडी तिनं खाली ठेवली आणि विचारलं, "चाकणला तुम्ही कुणाकुणासंगं राहत होता?"

"पोरं होती सगळी. तुला सांगितलंय की."

"हाव, सांगितलंय."

तेवढंच. भांडण झालं नाही, रडारड झाली नाही. पण चार दिवस गेले की पुन्हा, धुणं वाळत घालता घालता नाहीतर चहा गाळता गाळता, चाकणची काहीतरी चौकशी निघायची. तिथं जेवण कुठं करायचे? सुट्टीच्या दिवशी काय करायचे? हरिओम उत्तरं द्यायचा. उत्तरं खरी होती, तरी देताना त्याला चोरासारखं वाटायचं. आत उकडतंय म्हणून शिल्पानं आपलं अंथरूण सासूजवळ टाकलं.

पुढच्या आठवड्यात आई-वडिलांना घेऊन तो नांदेडला गेला. वडील अण्णाराव निघाले निर्मळ. आई साखराबाई मात्र बाधित निघाली. तिच्या यकृताला थोडी सूजही होती. मॅडमनी तिला रोजची एक गोळी सुरू केली. ती सरकारी दवाखान्यातून फुकट मिळायची.

मग घरात आपोआप ठरून गेलं की हे हरिओमनंच बाहेरून आणलं आणि आईला दिलं. तोंडानं कुणी बोललं नाही. कधी एकाच ब्लेडनं नखं काढली असतील, कधी त्याच्या जखमेचं रक्त तिनं पुसलं असेल, असं ज्यानं त्यानं मनात जुळवून घेतलं. हरिओमनंही. तो आईशी बोलताना खाली बघू लागला.

साखराबाईला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. "लेकाचं दुखणं मायला लागलं तर त्यात काय एवढं?" ती म्हणायची आणि पाण्याच्या घोटाबरोबर गोळी गिळायची. "त्याचं मला आलं, माझं त्याला गेलं न्हाई, हेच लई झालं."

तपासणीच्या दिवशी विशाखा मॅडमनी दोघांचं आणखी थोडं रक्त मागितलं होतं. "आमचा एक अभ्यास चालू आहे," त्या म्हणाल्या होत्या. "नांदेड आणि लातूरकडच्या रक्तदात्यांमध्ये हा विषाणू किती जणांत सापडतो आणि तो कोणत्या जातीचा आहे, ते बघतोय. शंभरात एखाद-दुसरा निघतोच. तुमचं नाव कुठंही येणार नाही. नको वाटलं तर नाही म्हणा."

"इषाणूला बी जात असती का?" अण्णारावांनी विचारलं.

"जात म्हणजे वाण म्हणा. सोयाबीन सगळं सोयाबीनच, पण वाण वेगवेगळे असतात ना? तसं. ए, बी, सी, डी अशी नावं दिलीत. अगदी बारकाईनं वाचलं तर दोन माणसांतला विषाणू एकाच मुळातून आलाय का, तेही बरंचसं कळतं."

अण्णारावांना ते पटलं. हरिओमनं सही केली, साखराबाईनं अंगठा न देता आपलं नाव एकेक अक्षर जोडत लिहिलं.

निघताना मॅडमनी विचारलं, "घरात आणखी कोण आहे? भावंडं?"

"एक बहीण. महानंदा. अहमदपूरला दिली. पोटुशी हाय ती."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग तिला लवकर तपासायला हवं. आईला असेल तर बाळंतपणात बाळाला जातो. पण आधी कळलं तर थांबवता येतो. जन्मल्याबरोबर बाळाला दोन इंजेक्शनं द्यायची, बस. आधी कळायला मात्र हवं."

परतीच्या एसटीत साखराबाईनं हरिओमचा हात धरला. "पोरीच्या सासरी ह्यातलं काय बी सांगायचं न्हाई. तुला माझी आन हाय. पहिलं बाळंतपण तिचं. म्हणतील, रोगी घरातली पोर गळ्यात मारली."

"माय, लेकराचा प्रश्न हाय."

"इथं घेऊन आल्यावर गुपचूप तपासू."

दोन दिवस तो रानात जात राहिला, येत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी शिल्पानं त्याला डबा बांधून दिला आणि म्हणाली, "अहमदपूरची गाडी चुकवू नका." त्यानं तिला काही सांगितलं नव्हतं, सासूकडूनच तिला कळलं असावं. त्या अवघड आठवड्यांत ती त्याच्या बाजूनं बोलली असं हे पहिलंच.

अहमदपूरला महानंदाचा नवरा संगमेश शाळेत मास्तर होता. घरात त्याची आई होती, म्हणून हरिओम दोघांना घेऊन बसस्थानकाजवळच्या रसवंतीवर बसला. घुंगरू वाजत होते, उसाच्या रसाचा वास सुटला होता. महानंदा आनंदात होती. भाऊ असा मधेच आला म्हणजे काहीतरी घेऊन आला असेल, असं तिला वाटलं.

"दाजी, तुमच्यापुढंच सांगतो," हरिओम म्हणाला. "मला पांढरी कावीळ निघाली. मायला बी हाय. महानंदाला असंल-नसंल, माहीत न्हाई. पण तपासायला पायजे."

महानंदाचा हात आपसूक पोटावर गेला. "माझ्या तर सगळ्या तपासण्या झाल्यात की."

"ही झाली का ते बग."

संगमेशनं रसाचा ग्लास बाजूला सारला. "तुम्हाला कशी झाली?" त्यानं विचारलं.

हा प्रश्न येणार हे हरिओमला माहीत होतं. एसटीत त्यानं त्याची दोन-तीन उत्तरं तयारही केली होती. "ठावं न्हाई, दाजी," तो म्हणाला. "खरंच ठावं न्हाई."

संगमेश उठून रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. महानंदा रडत नव्हती, पण तिचं तोंड उतरलं होतं. परत आल्यावर तो म्हणाला, "आईला आत्ता काही सांगायचं नाही. मी माझ्या पद्धतीनं सांगेन. कुठं तपासायचं, तेवढं सांगा." मग जरा वेळानं, एसटी लागल्यावर, हरिओमच्या खांद्यावर हात ठेवून बोलला, "तुम्ही आला नसता तर आम्हाला कोण सांगणार होतं?"

ती तपासणी राहून गेली होती. महानंदा बाधित निघाली. संगमेश निर्मळ होता, त्यानं लस घ्यायला सुरुवात केली. महानंदाच्या रक्तात विषाणूचं प्रमाण बरंच होतं, म्हणून नांदेडच्या डॉक्टरांनी तिलाही बाळंतपणापर्यंत गोळी दिली. अभ्यासासाठी तिचंही रक्त विशाखा मॅडमकडं गेलं. आठवा लागायच्या आत ती माहेरी आली.

अभ्यासाचे नमुने पुण्याला गेले होते. पेरण्या उरकल्या, तण काढायला माणसं मिळेनात, आणि हरिओम ते विसरूनही गेला. एका दुपारी मॅडमचा फोन आला. तो बांधावर उभा होता.

"तुमचं, आईचं आणि बहिणीचं जुळलं," त्या म्हणाल्या. "तिघांचाही डी वाण आणि वाचलं तर जवळजवळ अक्षर न् अक्षर सारखं. एकाच मुळाचा विषाणू आहे."

"म्हंजे माझ्याकडूनच गेला ना त्यांना?"

"नाही, तसं वाटत नाही. मोठेपणी हा आजार झाला तर बहुतेकांचं शरीर तो काही महिन्यांत काढून टाकतं. असा वर्षानुवर्षं मुरून राहतो तो बहुधा जन्मतः किंवा अगदी लहानपणी आलेला असतो. शिवाय तुमच्या बहिणीलाही तोच आहे. शंभर टक्के कुणीच सांगू शकत नाही, पण माझं मत विचाराल तर तुम्ही तान्हे असल्यापासून हा तुमच्यात आहे. चाकणचा नाही."

चाकणचं नाव त्यानं मॅडमजवळ एकदाच, ओझरतं काढलं होतं. त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं.

हरिओम रानातून घरी कसा आला, ते त्याचं त्याला कळलं नाही. शिल्पा अंगणात होती. "चाकणचं न्हाई!" तो फाटकातूनच ओरडला. "मॅडमचा फोन आला. लहानपणापासूनच हाय ते! मी कुणाला दिलं न्हाई. आधीपासून हाय, जन्माचं!"

शिल्पानं तोंडावर पदर घेतला. "मी किती छळलं तुम्हाला," ती म्हणाली.

"इचारण्यासारखंच होतं. मी बी इचारलं असतं."

तो हसत होता, तीही हसू लागली होती, आणि मग तिची नजर त्याच्या मागं गेली. ओसरीत साखराबाई सूप घेऊन ज्वारी पाखडत बसली होती. सूप थांबलं होतं.

"जन्माचं," साखराबाई म्हणाली. "म्हंजे माझ्यापसून."

हरिओम ओसरीच्या पायरीशी आला.

"तुला बी. महानंदाला बी. मीच."

"माय, तसं न्हाई गं..."

"मग कसं हाय?"

ती उठली, ज्वारी डब्यात भरली, सूप खुंटीला लावलं. त्या दिवसापासून तिनं आपलं ताट, तांब्या, पेला वेगळा केला. भाकरी थापायला बसेना. "शिल्पा, तूच कर." महानंदा रोज संध्याकाळी आईपुढं डोकं तेल लावायला धरायची, ते बंद झालं. "वहिनीकडून लावून घे," म्हणायची. मॅडमनी सगळ्यांना बजावलं होतं की हातानं, ताटानं काही होत नाही. तिला ते पाठ होतं. तरी ती कोपऱ्यात बसून जेवायची.

एकदा अण्णाराव आपलं ताट घेऊन तिच्याजवळ गेले, खाली बसले आणि तिच्या ताटातली अर्धी भाकरी मोडून घेतली.

"आवं, काय करून राहिलात?" ती ओरडली.

"जेवून राहिलो," अण्णाराव म्हणाले. "लगीन झाल्यापसून तुझ्या हातचं खाऊन राहिलो. मला झाली का? तपासलं न्हवं?"

अण्णाराव उठेपर्यंत तिनं पुढचा घास घेतला नाही.

हरिओमनं मॅडमना फोन केला. आईला घेऊन या, त्या म्हणाल्या. आई येत नाही, तो म्हणाला. मग लोह्याच्या शिबिराला आल्या तेव्हा मॅडमच वाट वाकडी करून घरी आल्या. शिल्पानं चहा ठेवला. साखराबाई ओसरीत खांबाला टेकून बसली होती.

"मावशी, हातानं हा आजार..."

"ते कळलंय मला, मॅडम. दुसरंच इचारायचं हाय. माझ्या लेकरांना मी दिलं. मला कुणी दिलं?"

गोड काहीतरी सांगून निघून जाता आलं असतं. "ते मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या लहानपणी एकच सुई उकळून साऱ्या गावाला टोचायचे, त्यातून असेल. गोंदणाच्या सुईतून असेल. तुमच्या आईकडूनही असेल. आई कशानं गेल्या तुमच्या?"

साखराबाईनं हातावरच्या हिरव्या गोंदणाकडं पाहिलं. माळेगावच्या जत्रेत, एका रांगेत बसवून सगळ्या पोरींना गोंदलेलं. "माय मी लहान असतानाच गेली. पोटात पाणी झालं होतं तिच्या. पोट असं फुगलं होतं. मी इचारायची, माय, तुला बाळ होणार का? तर हसायची."

मॅडमनी चष्मा काढून हातात धरला. पोटात पाणी होणं म्हणजे बऱ्याचदा यकृत निकामी होणं. ते त्या बोलल्या नाहीत. पण साखराबाईला त्यांच्या चेहऱ्यावरून समजलं असावं.

"तिच्याकडूनच आलं असंल मग," ती म्हणाली. "बिचारी. तिला तर कुणी गोळी बी दिली न्हाई." मग गोंदणावरून बोट फिरवत, "तिचा राग यावा असं मला कवाच वाटलं न्हाई, मॅडम."

"का यावा?" विशाखा मॅडम म्हणाल्या.

शिल्पा चहा घेऊन आली. साखराबाईनं आपला वेगळा पेला पुढं केला. शिल्पानं त्यातच ओतला. मॅडम गेल्यावरही फार काही बदललं नाही. फक्त एवढं झालं की रात्रीचं जेवण साखराबाई कोपऱ्याऐवजी सगळ्यांच्या पंगतीत बसून जेवली. ताट तिचं वेगळंच होतं.

श्रावणात महानंदाला नांदेडच्या दवाखान्यात मुलगी झाली. आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळं लस आणि दुसरं इंजेक्शन तयारच होतं. जन्मल्यावर थोड्याच वेळात दोन्ही मांड्यांत एकेक सुई टोचली गेली. पोरीनं असा टाहो फोडला की बाहेर उभ्या हरिओमनं डोळे मिटून घेतले. संगमेश म्हणाला, "बाप मी की तुम्ही? हिंमत धरा." दोघंही हसले.

दुपारी संगमेशची आई अहमदपूरहून आली. तिला संगमेशनं कधी, कसं, किती सांगितलं होतं कुणास ठाऊक. साखराबाई खोलीच्या दाराशी, भिंतीला लागून उभी होती. सकाळपासून तिनं नातीला लांबूनच पाहिलं होतं. विहीण आत शिरली, पिशवी ठेवली, नात उचलून तिच्याकडं नीट पाहिलं, नाक कुणासारखं आहे ते ठरवलं. तेवढ्यात महानंदा उठायला धडपडू लागली.

"थांब, एकटी उठू नकोस," विहीण म्हणाली आणि इकडंतिकडं बघून तिनं बाळ साखराबाईच्या हातात कोंबलं. "विहीणबाई, हिला धरा की जरा. मला दोन हात पायजेत."

साखराबाईला मागं सरायला भिंत होती, जागा नव्हती. बाळ तिच्या हातात आलं. तिनं ते आधी ताठ हातांनी, अंगापासून लांब धरलं. पोरगी रडू लागली. मग सवयीनंच तिचे कोपर वाकले, मान सावरली गेली आणि बाळ छातीशी आलं. विहीण महानंदाला धरून पलीकडं घेऊन गेली होती. परत आली तरी बाळ मागायला हात पुढं केला नाही. महानंदाच्या उशा नीट करत बसली.

महानंदानं बाळाला अंगावर पाजलं. चालतं, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. घरी आल्यावर पहिल्या दिवशी अंघोळ कुणी घालायची यावर शिल्पा काही बोलायच्या आतच साखराबाई पाटावर पाय पसरून बसली होती. हात पुन्हा पुन्हा निरखून, कुठं चीर-ओरखडा नाही ना ते बघून, मग तिनं तेलाची वाटी ओढली.

पुढचे डोस अहमदपूरला वेळच्या वेळी झाले. पोरगी वर्षाची झाल्यावर लातूरला तिचं रक्त तपासलं. अहवाल आला त्या दिवशी संगमेशनं शाळेतूनच फोन केला. हरिओमनं ऐकलं, "बरं, बरं" म्हणाला आणि फोन आईच्या कानाला लावला.

"काय बी न्हाई निघालं?" साखराबाईनं विचारलं. "नक्की? दोनदा बगितलं का?"

पलीकडून संगमेशनं सगळं वाचून दाखवलं. विषाणू नाही, लस लागू पडली आहे. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आता एकदा आणून घाला तिला आठ दिवस. पायांना जोर न्हाई तिच्या, मालिश पायजे." आणि फोन हरिओमला देऊन ती आपली गोळी घ्यायला आत गेली.